जुलैचे बैल

9 नोव्हेंबर, कोल्हापूर

भाऊबीज उरकली. बॅग भरली. चिवडा, करंज्या, शेंगदाण्याची चटणी, स्वेटर. तळाला फळी. आई म्हणते, बंगालात लाकूड मिळत नाही होय? मिळतं. पण ही आबांच्या दुकानातली शिवण. दोन पावसाळे आडोशाला सुकलेली. गाठ एकच, तीही कोपऱ्यात.

निघताना आबांनी जुना निसणा दिला. आजोबांचा. मधोमध खोलगट झालाय, पटाशीला उपयोग नाही. म्हणाले, तुझ्या गोल हत्यारांना चालंल.

मग चपला घालता घालता, दुसरीकडं बघत, "ते मागल्या वर्षीचं पैसं परत भरायचं असत्यात का गं?"

"नाही, आबा."

"मग कुणाचं म्हणायचं ते?"

रिक्षा आली.

10 नोव्हेंबर, पुणे स्टेशन

आझाद हिंद उशिरा. फळीवर बसून लिहितेय. एका बाईंनी विचारलं, पाट विकायला नेताय का.

12 नोव्हेंबर, शांतिनिकेतन

हावड्याला पहाटे पोचले. बोलपूरला उतरले तर चांगलीच थंडी. टोटोवाला फळीचे वेगळे वीस रुपये मागत होता. दिले नाहीत. सातवीण फुलून गेली. वास संध्याकाळपुरता उरलाय.

खोलीत बॅग उचलायला वाकले तर बांकुडानं हातातून ओढून घेतली. आता वर्ष होत आलं. हिचं चालूच.

(आमच्या स्टुडिओत नावानं कुणी हाक मारत नाही. गावानं मारतात. बांकुडा, अगरतळा, इंफाळ, कोट्टायम. मी कोल्हापूर. पहिल्या वर्षाला एक नवा आलाय, पुरुलिया. बारीक. फार बोलत नाही.)

करंज्या रात्रीच संपल्या.

13 नोव्हेंबर

चिठ्ठ्या टाकल्या. बारा जण, बारा महिने. आपापल्या महिन्याचा ठसा कोरायचा. कॅलेंडरच्या साठ प्रती. शिवाय त्याच ठशाच्या चांगल्या कागदावर चौदा. बारा आपसात वाटायच्या, एक संच विभागाला, एक पेटीत घालून मेळ्यात विकायला. मला जुलै. अगरतळाला डिसेंबर हवा होता, ऑगस्ट आला. रुसलाय. पुरुलियाला ऑक्टोबर.

नव्या पोरांना दादांनी सगळं सांगितलं. (इथं शिक्षकांनाही दादाच म्हणतात. पहिल्या वर्षी माझी जीभ वळत नव्हती.) नंदन मेळा 1973 पासूनचा, दिनकर कौशिक कलाभवनाचे प्राचार्य होते तेव्हापासून. 1 आणि 2 डिसेंबर, कारण 3 ला चित्रकार नंदलाल बसूंचा वाढदिवस. विद्यार्थी बनवतात, शिक्षक बनवतात, स्वस्तात विकतात. जमेल ते विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत.

एकानं विचारलं, निधी मिळतो कुणाला?

दादा म्हणाले, ज्याला लागतो त्याला.

बोलताना खिडकीकडं बघत होते. मीही खिडकीकडंच.

14 नोव्हेंबर, बुधवार

सुट्टी. इथली सुट्टी बुधवारची, रविवारची नाही. घरी फोनवर अजून सांगावं लागतं. सकाळी मंदिराची घंटा झाली, उपासनेला गेले नाही. व्हरांड्यात चटई टाकली, बादलीभर पाणी घेतलं, निसणा भिजत घातला आणि बसले.

आधी माझीच हत्यारं. मग बांकुडा आपली घेऊन आली. मग इंफाळ. दुपारपर्यंत रांग.

आजोबांच्या दगडाची खोलगट बाजू गोल हत्याराच्या पाठीला बरोबर बसते. हत्यार टेकवायचं, मनगट डावीकडून उजवीकडं डोलवत पुढं न्यायचं. दाबायचं नाही. आतल्या अंगाला बारीक काटा वळतो, बोटाला लागतो, दिसत नाही. तो चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिश लावून काढायचा. व्ही आकाराच्या हत्याराचं दुखणं वेगळं. दोन्ही बाजूंना धार येते पण तळाशी, जिथं त्या मिळतात, तिथं चोच राहते. ती चोच लाकूड फाडते आणि माणूस लाकडाला शिव्या देतो.

धार आली का हे नखावर बघायचं. हलकं टेकवायचं. घसरलं तर परत दगडावर. जागच्या जागी चावलं तर झालं. कोट्टायम हे बघून ओरडलीच. मग स्वतःच्या नखावर करून बघितलं आणि मग सगळ्यांची हत्यारं स्वतःच्या नखावर.

पुरुलिया लांब उभा राहून बघत होता. त्याचं हत्यार मागितलं तर म्हणाला, मी वसतिगृहातल्या मित्राचं वापरतो.

15 नोव्हेंबर

जुलै म्हणजे बेंदूर, दुसरं काही डोक्यात आलंच नाही. खरे बैल नकोत. मातीचे. कुंभार गल्लीत आषाढात फळ्यांवर ओळीनं मांडून ठेवतात तसे. पांढरे, शिंगं रंगवलेली. एक शिंग मोडलेला बैल ओळीत असतोच, तो अर्ध्या किमतीला. तो पुढं घेतला.

वरती पाऊस. तो कोरायचा नाही. फळी उभी धरायची, तारेच्या ब्रशनं नसेनं घासायची. मऊ भाग झिजतो, नस वर राहते, शाई घेते. पाईनमध्ये पटकन उठते. शिवणीची नस पुसट. घासतच बसावं लागणार.

दोन तास घासलं. पाऊस भुरभुर आहे. कोल्हापूरचा जुलै असा नसतो. आणखी घासायला हवं.

16 नोव्हेंबर

अंगठा सुजला.

17 नोव्हेंबर

अगरतळाचा रुसवा गेला. ऑगस्टमध्ये अननसाचा मळा काढतोय, तीन रंगांत, एकाच फळीवर.

मला हे पुस्तकातून माहीत होतं, हातानं करताना पहिल्यांदा बघितलं. थोडं कोरायचं, पिवळा छापायचा, जेवढ्या प्रती हव्यात तेवढ्या सगळ्या. मग तीच फळी आणखी कोरायची. आता हिरवा, पिवळ्यावर. मग पुन्हा कोरायची. शेवटी फळीवर काळ्यापुरतं लाकूड उरतं. मागं फिरता येत नाही. पिवळा झाला तेवढेच कागद. त्यातले खराब होणार, तेही पहिल्याच दिवशी धरायचे. पिकासोनं लिनोवर हे पुष्कळ केलं.

अगरतळानं प्रत्येक टप्प्याचा एकेक कागद भिंतीला लावून ठेवला. खाली पेन्सिलीनं, कुठलं हत्यार, किती शाई, कागद कोपऱ्यात कसा टेकवला. रात्री इंफाळ वहीत उतरवून घेत होती. मी फोटो काढला. आळशीपणा.

18 नोव्हेंबर

कोट्टायमला जपानी पद्धतीचं वेड. तेलाची शाई नाही, रोलर नाही. पाण्याचा रंग, भाताची खळ, ब्रश, ओलसर कागद. आणि दाबायला बारेन, म्हणजे तळहाताएवढी चकती. आत पिळाच्या दोरीचं वेटोळं, वरून बांबूची साल ताणून बांधलेली. नंदलाल 1924 मध्ये रवींद्रनाथांबरोबर जपानला गेले होते, विनोदबिहारी 1937 मध्ये. हे ती असं सांगते जसं काही परवा स्टेशनवर सोडायला गेली होती.

खरी बारेन महाग. म्हणून हिनं पुठ्ठ्याची चकती केली, आत घरून आणलेला काथ्या गुंडाळला. सालीचं अडलं. इंफाळ उठली, ट्रंकेतून बांबूच्या कोवळ्या कोंभावरची वाळकी साल काढली. आई भाजी बांधून पाठवते त्यात. भिजवली, ताणली, मागं पिळून गाठ मारली.

काथ्या ओबडधोबड, त्यामुळं रंगात ठिपके उठतात. कोट्टायम हिरमुसली. मला ते ठिपकेच आवडले. तिच्या सप्टेंबरच्या खाडीवर दव पडल्यासारखं झालंय.

खळ उरली. पुरुलियानं विचारलं, हा भात टाकणार का?

19 नोव्हेंबर

संध्याकाळी दादांनी कपाट उघडलं. सोमनाथ होरांचं पुस्तक. 1946 च्या डिसेंबरात कम्युनिस्ट पक्षानं त्यांना रंगपूरला पाठवलं, तेभागा आंदोलन चालू होतं. वाटेकऱ्यांना पिकाचे दोन भाग हवे होते, तीनपैकी. हे रोज चित्रं काढत, रोजनिशी लिहीत. वय पंचविशीचं. पुढं त्यातूनच वुडकट केले. कंदिलाभोवती बसलेली माणसं, चेहऱ्यावर दोन-तीन घाव फक्त, पण कोण बोलतंय आणि कोण ऐकतंय ते कळतं.

मग ‘जखमा’ मालिका, आमच्याच विभागात असताना केलेली. कागदाचा लगदा, पांढऱ्यावर पांढरं, शाईच नाही. इंफाळनं पानावरून बोट फिरवलं. छापील पुस्तकात काय लागणार हाताला. तरी फिरवलं.

चित्तप्रसादांचंही निघालं. दुष्काळाची चित्रं सगळ्यांना माहीत असतात. मला त्यांचे कामकरी मुलांचे लिनोकट जास्त आवडतात, ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’. 1969 मध्ये डेन्मार्कच्या युनिसेफ समितीनं ते छापले. केले अंधेरीत बसून. माझी मावशी तीस वर्षं अंधेरीत राहते. तिला सांगायला हवं.

20 नोव्हेंबर

भांडण. प्रतींवर आकडा घालायचा का. साठापैकी पहिली, साठापैकी दुसरी असं पेन्सिलीनं. अगरतळा म्हणतो घालायचा, त्याशिवाय गिऱ्हाइकाला किंमत वाटत नाही. मी म्हटलं कॅलेंडरला कसला आकडा. वुडकट ही मुळात बाजारातली वस्तू. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोलकात्यात बटतल्याला पंचांगाबरोबर, पोथीबरोबर पैशा-दोन पैशांना विकत होते, त्यावर कुणी आकडे घातले? ठसा झिजेपर्यंत छापायचं.

तो म्हणाला, मग तू झिजेपर्यंत छाप.

ठरलं असं, की पेटीतल्या संचावर आकडा, कॅलेंडरवर नाही.

21 नोव्हेंबर, बुधवार

कोरणं संपलं. मोडक्या शिंगाच्या बैलाचा डोळा रात्री सगळ्यात शेवटी. एकच टोच.

22 नोव्हेंबर

छपाई सुरू. काचेवर शाई पसरली की आधी आवाज ऐकायचा. रोलर फिरताना चर्र असा बारीक आवाज आला तर बेताची. पचपच वाजलं तर जास्त, रेघा भरून जाणार. मागून चमच्यानं घासायचं. प्रेस रिकामा नसतो, आणि बैलांना चमचाच बरा, पाठीवर जोर देता येतो आणि पावसावर हलका हात ठेवता येतो.

स्टुडिओत केरोसीनचा वास. रतनपल्लीतून चहा. मुरी म्हणजे कुरमुरे, आणि चॉप.

पुरुलिया दिवसभर सगळ्यांच्या काचा पुसतो. मेसला चल म्हटलं. मुरी आवडते म्हणाला. कालही आवडत होती.

23 नोव्हेंबर

साठपैकी निम्म्यावर आले. दुपारनंतर उजव्या बाजूला ओढल्यासारखं झालं, टाक्यांच्या जागी. वाकून घासल्यामुळं. कुणाला बोलले नाही. खुर्चीवर उशी घेतली, उंची वाढवली. बांकुडानं उशी बघितली. संध्याकाळी तिनं न विचारता माझे वीस कागद घासून दिले. तिचा हात जड. तिच्या प्रतींत पाऊस जास्त आहे.

खरं तर त्याच बऱ्या आल्यात.

24 नोव्हेंबर

आभाळ भरून आलं. बारीक पाऊस. दोरीवर लावलेल्या प्रती वाळत नाहीत. काळा अजून बोटाला लागतो.

25 नोव्हेंबर

वाळत नाहीत.

आबांना फोन केला. त्यांना शाईतलं काय कळणार, पण पावसात वार्निश वाळत नाही तेव्हा काय करता विचारलं. "वाळंस्तोवर थांबायचं. गिऱ्हाईक बोंबलतंय, बोंबलू द्यायचं." मग म्हणाले, "पार्सल मिळालं का?"

कसलं पार्सल?

26 नोव्हेंबर

इंफाळचा उपाय. शाईत मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मळायची. घट्ट होते, चिकटपणा जातो. आधीच्या प्रतींवर टाल्कम पावडर मऊ ब्रशनं फिरवायची, मध्ये वर्तमानपत्राचा कोरा कागद. पावडर कुणाकडं? सगळ्यांच्या खोल्यांतून डबे आले. स्टुडिओला आता गुलाबाचा, चंदनाचा आणि केरोसीनचा वास.

दुपारी पार्सल आलं. गोणपाटात शिवलेलं, आबांच्या टाक्यांनी. आत हत्यारांच्या मुठी. सागाच्या तुकड्यांच्या, दुकानात खाली पडलेल्या असतात त्याच्या. प्रत्येकीला पितळी कडी. मोजल्या, बारा. मी त्यांना कधी सांगितलं होतं आम्ही बारा आहोत म्हणून? आईला सांगितलं असेल.

बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर चिठ्ठी. "तिथल्या पोरांना वाटून टाक. माप सगळ्यांचं एकच धरलंय. हाताला नाही बसलं तर कानशीनं घासून घ्या. कुणाकडनं पैसं घेऊ नको."

पुरुलियानं मूठ उलटीसुलटी करून बघितली. म्हणाला, याला बसवायला पातं नाही माझ्याकडं. माझ्या डब्यात जुनं, पाव इंची गोल आहे. दिलं. बसवलं. ठोकताना दोघांनी मिळून धरलं.

27 नोव्हेंबर

पुरुलियाचा ऑक्टोबर बघितला. छाऊ नाचाचा मुखवटा असेल वाटलं होतं, त्याच्या गावाकडचा म्हणून. नाही. काशफुलांतून जाणारी एक सायकल, कॅरियरला गोणी. माणूस नाही. सायकल कुणी ढकलतंय ते चौकटीबाहेर राहिलंय. आमच्यातल्या कुणालाच हे सुचलं नसतं. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, चाकाच्या आऱ्या कमी कर. त्यानं मान हलवली. कमी करणार नाही असं वाटतं. करू नये.

28 नोव्हेंबर, बुधवार

ब्लेड शोधत पत्र्याचा डबा उपसला. तळाला दवाखान्याची पावती. मागचा डिसेंबर, मेळा होऊन आठवडा झाला होता. शस्त्रक्रिया, औषधं, खाट. पैसे भरणाऱ्याच्या जागी माझं नाव नाही, आबांचंही नाही. पावती परत तळाला.

वाळल्या. सगळ्या.

29 नोव्हेंबर

बांबू आले, चटया आल्या. मुलं शिडीवर, मुली शिडीवर, सुतळी संपते आणि पुन्हा आणायला कुणी जायचं यावर वाद. सिरॅमिकवाल्यांची भट्टी रात्रभर. काळ्या घरापासून संथाळ कुटुंबाच्या शिल्पापर्यंत सगळीकडं कुणी ना कुणी काहीतरी खिळवतंय. कॅलेंडर शिवायला बसलो. दाभण, मेणाचा दोरा. बारा महिने एकावर एक ठेवल्यावर कळलं की फेब्रुवारी आडवा आहे. ज्याचा फेब्रुवारी तो म्हणतो, मान वाकडी करून बघा. तसंच शिवलं.

30 नोव्हेंबर

झोप नाही.

1 डिसेंबर

सकाळी कोवळ्या उन्हात लोक येऊ लागले. दुपारी पाय ठेवायला जागा नाही. बाउल, ढोल, पिठे, खिचडी, लहान मुलांच्या हातात मातीच्या शिट्ट्या. कॅलेंडर तीनशे रुपये, सुटा प्रिंट दीडशे. पेटी वर टांगून ठेवली.

एका आजींनी नातवाला आमच्या भिंतीवरचा झाडाचा लिनोकट दाखवला. "बघ, सहज पाठ." तो ‘सहज पाठ’मधला नव्हता, अगरतळाचा होता. पण या लोकांनी अक्षरं नंदलालांच्या लिनोकटवर गिरवली, 1930 पासून घरोघर तेच पुस्तक. पांढऱ्या-काळ्यातलं कुठलंही झाड यांना तिथलंच वाटतं. अगरतळानं आजींना दुरुस्त केलं नाही. छाती मात्र दोन इंच फुगली.

एक गृहस्थ, कोलकात्याचे, चांगला शर्ट. कॅलेंडर दोनशेला द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. हे पैसे जातात कुठं तरी? मी सांगितलं, विद्यार्थ्यांना लागतात. आजारपणात, अडचणीत.

"असं खरंच कुणाला मिळतं का हो? का नुसतं सांगायचं?"

"मिळतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

बांकुडा शेजारी सुट्टे मोजत होती. मोजायची थांबली.

मी कॅलेंडर गुंडाळलं, रबर लावलं, त्यांच्यासमोर धरलं. तीनशे म्हटलं. दिले.

2 डिसेंबर

आज कालपेक्षा गर्दी. रविवार.

दुपारी एक कुटुंब, दुर्गापूरहून आलेलं. बाबा स्टील प्लांटमध्ये. जुलै उलगडून बघताना ते एकदम मराठीत, "अगं हे बघ, बेंदूर!" मूळचे मिरजेचे. मोडक्या शिंगाच्या बैलावर बोट ठेवून मुलीला सांगायला लागले, हा असा आम्हाला मिळायचा, तुझ्या आजोबांना घासाघीस करायची सवय. मुलगी बंगालीत विचारते, खेळायचा का याच्याशी? पूजा करायची आणि मग खेळायचं. दोन सुटे प्रिंट घेतले. किंमत विचारली नाही. चहाला या म्हणाले. दुर्गापूरला.

संध्याकाळी पेटी गेली. एका बाईंनी घेतली, बारा प्रिंट एकेक करून दिव्याखाली धरून बघितले. सायकलीवर थांबल्या. हा मुलगा कोण? बांकुडानं पुरुलियाला पुढं ढकललं. त्यांनी विचारलं, माणूस का नाही काढला. तो म्हणाला, बाबा मागं आहेत, चढ आहे.

रात्री उरलेली दोन कॅलेंडरं आम्हीच घेतली. अगरतळानं एक, मी एक. पैसे टाकून. अगरतळा म्हणाला आकडा घालून देऊ का. त्याला चमचा फेकून मारला.

3 डिसेंबर

नंदलालांचा वाढदिवस. फुलं, गाणी. हिशेब अजून जुळायचाय. आमच्या स्टॉलवर एक नोट जास्त आणि कुणाची ते कळत नाही. तशीच डब्यात.

सगळ्यांना सगळ्यांचे प्रिंट वाटले. बारा खोल्यांत आता बारा बारा महिने. इंफाळनं तिचे लगेच ट्रंकेत ठेवले, बांबूच्या सालीत गुंडाळून. मी आबांसाठी जुलै आणि ऑक्टोबर काढून ठेवलेत. जुलै त्यांना आवडेल. ऑक्टोबर दुकानात लावतील.

फोनवर त्यांना मेळ्याचं सगळं सांगितलं. गर्दी, मिरजकर, पेटी. मग ते म्हणाले, "मुठी बसल्या?" बसल्या. "सगळ्यांस्नी?" सगळ्यांना. "मग झालं."

4 डिसेंबर

रात्री मेसमध्ये पुरुलियाचं पान अजून बंद आहे. मेसच्या मावशींनी सांगितलं, पूजेच्या सुट्टीआधीपासून. तो सांगणार नाही. मीही नव्हतं सांगितलं. दोन दिवस पोट धरून पडून होते आणि म्हणत होते, मसाला बाधला.

खोलीवर आल्यावर बांकुडाला विचारलं, मागच्या वर्षी माझा अर्ज तू कुठून आणला होतास?

ती झोपेत होती. उठून बसली. अर्ज ऑफिसात मिळतो, म्हणाली. दादांची सही लागते, ती मी आणते. पण खाली सही त्याची स्वतःची हवी. तुझी घेताना तुला सलाईन लावलं होतं म्हणून जमलं. हा पळून जाईल.

5 डिसेंबर, बुधवार

पुरुलियाला सकाळी धार लावायला बोलावलं. आता तुझं पातं आहे, पहिली धार मी लावून देणार नाही, स्वतः लाव म्हटलं. आला. निसणा भिजत घातला. बांकुडा अर्ज आणि पेन घेऊन व्हरांड्याच्या टोकाला बसलीय, पेपर वाचायचं सोंग करत. पेपर कालचा आहे.

मनगट अजून ताठ ठेवतो. डोलव म्हणून सांगतेय.